मरतच नाही

पुण्यातली एक टेकडी, आषाढातला रविवार, सकाळचे साडेआठ. पंधरा-वीस माणसं, त्यांत निवृत्त मंडळीच जास्त, हातमोजे चढवून उतारावरच्या एका पट्ट्यातली घाणेरी काढत होती. कोयत्यानं फांद्या छाटायच्या, ओढत नेऊन एका जागी रचायच्या, मग बुंध्यावर टिकाव घालायचा. फांदी तुटली की तो वास सुटायचा. थोडा कापराचा, थोडा मिरीचा, थोडा मांजराच्या मुताचा. तासाभरानं एक आजोबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी इथलीच काढली होती. मरतच नाही ही अवदसा." दहाला चहा झाला, मंडळी पांगली. पायथ्याशी रस्त्याला लागून एक नर्सरी आहे. त्या गटातल्याच एक बाई तिथे थांबल्या. गॅलरीत दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं, काहीच टिकत नाही, असं त्यांनी सांगितलं. नर्सरीवाल्यानं पिवळ्या-गुलाबी गुच्छांनी गच्च भरलेली एक बुटकी कुंडी पुढे सरकवली. "लँटाना न्या, ताई. चार दिवस पाणी घालायचं राहिलं तरी चालतंय. मरतच नाही." बाईंनी ८० रुपये दिले. कुंडी उचलणाऱ्या हातावर, मोजा संपतो त्याच्या वर, काट्यांचे ओरखडे अजून लाल होते.

तेच शब्द. मध्ये फार तर दीड तास.

बाईंना हसावं असं यात काही नाही. नर्सरीतलं रोप आणि टेकडीवरचं जाळं एकच आहे हे सहजी ओळखू येत नाही. बुटक्या वाणाचं पान लहान, काटे नसल्यात जमा, गुच्छ दाट. शिवाय नाव वेगळं. आपल्याकडे या झुडपाला घाणेरी म्हणतात, टणटणी म्हणतात. टणटणी म्हटलं की मला उगाच ठणठणीत आठवतं आणि ते या झाडाला शोभतंही. 'लँटाना' म्हटलं की मात्र ते पाहुणं होतं, त्याला कुंडी मिळते, खाली बशी मिळते. ओळख पटवायची तर पान चुरगळावं. कोवळी फांदी बोटांत फिरवून पाहावी, ती गोल नसते, चौकोनी असते. पानं समोरासमोर, करवती काठाची, हाताला पॉलिश पेपरसारखी खरखरीत. वाण कितीही नाजूक असो, या तीन खुणा लपत नाहीत.

जंगलातलं झुडूप माणसानं बागेत आणलं असं वाटतं, पण आपल्या देशापुरता प्रवास उलटा झाला. घाणेरी मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. लिनियसनं १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा ती युरोपातल्या बागांमध्ये रुळलेली होती. तिथल्या हौशी माळ्यांनी रंगांसाठी संकरावर संकर केले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झाड म्हणून आली. म्हणजे इथे ती आधी कुंडीत होती, डोंगरावर नंतर गेली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली मांडलेल्या हिशेबानुसार देशातल्या वाघांच्या पट्ट्यातलं दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त जंगल तिनं व्यापलं आहे, म्हणजे त्या जंगलाचा चाळीस टक्क्यांहून मोठा भाग. एवढा पसारा मांडायला तिला दोनशे वर्षं लागली आणि त्यातला मोठा वाटा पाखरांच्या पोटातून झाला.

पण फुलांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. एका गुच्छात वीस ते चाळीस फुलं. ती काठाकडून आत उमलत जातात, त्यामुळे मध्ये घट्ट कळ्या, त्यांच्याभोवती पिवळं कडं आणि बाहेर केशरी, गुलाबी किंवा लाल. हे वेगवेगळ्या रंगांचे प्रकार नव्हेत, एकाच फुलाची वयं आहेत. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर या निसर्गअभ्यासकानं १८७७ साली लिहून ठेवलं की त्याच्याकडची फुलं पहिल्या दिवशी पिवळी, दुसऱ्या दिवशी केशरी आणि तिसऱ्या दिवशी जांभळी होतात, आणि जांभळ्या फुलाला फुलपाखरू शिवतसुद्धा नाही. मध पिवळ्यात. म्हातारी फुलं गळून पडत नाहीत, गुच्छ मोठा दिसावा म्हणून जागच्या जागी थांबतात. दुकानाची पाटी लांबून दिसावी, माल मात्र गल्ल्याजवळ. गावाकडच्या मुलांना हे पुस्तकाविना ठाऊक असतं. चोखायला ती पिवळंच फूल उपटतात, आणि एकाच्या नळीत दुसऱ्याचं देठ खोवत माळा करतात.

दिल्ली विद्यापीठातल्या मोहन राम आणि माथुर यांनी १९७८ साली दाखवून दिलं की तिथल्या घाणेरीचं परागण फुलकिडे करतात. फुलकिडे म्हणजे मिरचीवर येतात तसले, टाचणीच्या टोकाएवढे. गॅलरीत कुंडी ठेवणाऱ्यानं ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सातव्या मजल्यावर फुलपाखरं कुठून यायची, मग फळ कसं धरणार, असा हिशेब लोक करतात. फुलकिड्यांना लिफ्ट लागत नाही. वारा पुरतो.

आता ज्यांनी कुंडी आणलीच आहे त्यांच्यासाठी. घाणेरीला रोज सहा तास तरी थेट ऊन हवं. त्याहून कमी मिळालं तर फांद्या लांबट होतात, फूल घटतं आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, धरते. कुंडी बारा इंची पुरे, पण तळाला भोकं मोकळी हवीत. दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. यापेक्षा जास्त लाड नकोत. दर महिन्याला खत घालणाऱ्यांच्या कुंडीत पानांचा डोंगर होतो आणि फुलं मोजून सात. पाणी बोटानं ठरवायचं. वरची दोन पेरं माती कोरडी झाली की भरपूर द्यायचं, बशीत साचलेलं ओतून टाकायचं. ऐन उन्हाळ्यात कुंडीला एक-दोन दिवसांआड लागेल, पावसाळ्यात बहुतेक नाहीच. जमिनीत लावलेलं रोप पहिले दोन-तीन महिने आठवड्याला एकदा पाणी मागतं, पुढे पंधरवड्यातून एकदा दिलं तरी भागतं. गंमत अशी की दुष्काळाला दाद न देणारं हे झाड घरात मरतं ते हमखास जास्त पाण्यानं. पानं खालून पिवळी पडत वर यायला लागली, बुंधा दाबल्यावर मऊ लागला, की मुळं कुजलीत असं समजावं. त्यावर आणखी पाणी हा उपाय नाही, आणि बरेचजण नेमकं तेच करतात.

नवं रोप करायला बी लागत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक, अर्धवट जून झालेली, फूल नसलेली फांदी चार-पाच इंच कापायची, खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी छाटायची आणि ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीत खोचायची. तीन-चार आठवड्यांत मुळं. इतक्या सहज लागणाऱ्या झाडाबद्दल खरं तर इथेच कान टवकारायला हवेत. छाटणीचा पाला मागच्या मोकळ्या जागेत, ओल्या मातीवर फेकला की तिथे नवी घाणेरी उभी राहते. आधी दोन-चार दिवस गच्चीवर कडकडीत वाळवावा, मगच कचऱ्यात द्यावा. आणि दारच्या गाई-शेळ्यांना तर चुकूनही घालू नये. तिच्या पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्यं असतात, ती यकृतावर बसतात. एरवी जनावर तोंड लावत नाही, पण दुष्काळात किंवा परगावाहून आणलेलं, न सरावलेलं जनावर खातं. मग पोट बांधतं, डोळे पिवळे होतात, जिथे कातडी गोरी असते तिथे, नाकपुडीवर किंवा पांढऱ्या ठिपक्यावर, ती उन्हानं भाजल्यासारखी सोलते. अशा जनावराला आधी सावलीत बांधायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवायचा. ते सक्रिय कोळसा पाजतात, विष पोटातच अडवायला. पण उशीर झाला की फारसं काही हातात राहत नाही.

फूल सुकलं की गुच्छाच्या जागी हिरवे मणी दिसतात. ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे, टणक. तेच पुढे काळे-जांभळे, चकचकीत होतात. पिकलेली फळं खेड्यातली मुलं खातात, हिरवी मात्र विषारी, पोराटोरांपासून आणि कुत्र्यापासून दूर ठेवावीत अशी. सगळी गोम या मण्यांत आहे. बुलबुल, साळुंकी गिळतात, उडतात, कुठल्यातरी झाडावर बसतात, आणि बी नेमकी खत घालून पेरली जाते. म्हणून कुंडीवाल्याचं एकच काम न चुकता करायचं: दर आठ-दहा दिवसांनी सुकलेले गुच्छ खुडणं. नुसती फुलं ओरबाडायची नाहीत, दांडा खालच्या पानांच्या जोडीच्या वर कापायचा. तिथून दोन नवे फुटवे येतात, म्हणजे बहरही वाढतो. खुडलेले हिरवे मणी घरच्या कंपोस्टात टाकू नयेत, त्या बादलीत बी मरेल एवढी उष्णता होत नाही. वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या शेवटी, झाड वीतभर ठेवून छाटलं की ते आटोपशीर राहतं. हातमोजे घालून, कारण पानांच्या लवेनं कित्येकांना खाज सुटते.

नर्सरीत विचारलं तर "हे बिनबियांचं आहे" असं ठामपणे सांगतात. काही वाण खरंच तसे असतात. पण खात्री करायची तर कुंडी दोन-तीन महिने फुलू द्यायची आणि रोज गुच्छ तपासायचे. मणी धरले की खोटं पकडलं. आणि मणी नाही धरले तरी पूर्ण सुटका नाही, कारण फळ न धरणाऱ्या झाडाचे परागकण शेजारच्या झुडपावर जाऊन काम करू शकतात. फ्लोरिडात तिथल्याच मातीतलं एक दुर्मिळ लँटाना आहे, लँटाना डिप्रेसा. बागेतल्या संकरांमुळे त्याचा वंश बिघडत चालला, म्हणून तिथल्या विद्यापीठानं निर्बीज वाण काढताना फळाबरोबर परागही निकामी आहेत का, हे तपासलं. आपल्याकडे ८० रुपयांच्या कुंडीबाबत एवढं कोण बघतं! जांभळट फुलांचं, जमिनीवर पसरणारं लँटाना ही वेगळी जात, तिचा उपद्रव तुलनेनं कमी. तरी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये तीही तण म्हणून नोंदलेली आहे.

टेकडीवरच्या आजोबांचं म्हणणं खरं होतं, पण त्याचं निम्मं कारण टिकाव कुठे बसला यात होतं. घाणेरीचं खोड आणि मूळ जिथे जुळतं, तिथे जमिनीलगत एक जाडसर गाठ असते. नवे फुटवे तिच्यातून येतात. कोयत्यानं वरून छाटलं की गाठ खाली शाबूत राहते, आणि एका धुमाऱ्याच्या जागी दहा येतात. जाळलं तरी तेच. वरचं जळतं, गाठ वाचते, आणि मोकळ्या, राखेनं सुपीक झालेल्या जमिनीवर ती सगळ्यांच्या आधी उभी राहते. सगळं मूळ खणून काढायला गेलो तर वेगळी फजिती: उताराची माती सुटते, पहिल्या मोठ्या सरीबरोबर वाहते, आणि खाली झोपलेल्या बियांना उजेड मिळून त्या जाग्या होतात. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात काम करताना यातली मधली वाट काढली. खोडाला चिकटून, जाळ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे काटे तोंडावर येत नाहीत. अरुंद पात्याच्या हत्यारानं जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, गाठीच्या खाली, तीन-चार घाव घालून मुख्य मूळ तोडायचं. मग अख्खं झुडूप लांब दांड्याच्या काटेरी दाताळ्यानं उचलून तिथल्या तिथे उलटं ठेवायचं, शेंडा खाली, मूळ आभाळाकडे. मूळ मातीला टेकलं नाही की ते वाळतंच. खड्डा होत नाही, माती हलत नाही, आणि हात बसला की एका झुडपाला फारसा वेळही लागत नाही.

त्या रविवारी आणखी एक चूक होत होती, आणि ती कष्टाळू माणसंच करतात: झुडूप ओढत नेणं. हिरव्या-काळ्या फळांनी लदलेली फांदी शंभर फूट ओढली की शंभर फुटांची पेरणी झाली. ज्या झुडपाला फळं आहेत ते हलवायचं नाही, जिथं आहे तिथंच उलटं करायचं. म्हणूनच पावसाच्या सुरुवातीचे दिवस बरे, माती मऊ असते आणि शरदातला मोठा फलभार अजून धरलेला नसतो. सुरुवात घनदाट जाळीपासून करावीशी वाटते, फोटोही चांगला येतो. करावी मात्र विरळ बाजूनं, जिथे अजून गवत जिवंत आहे तिथून, आणि जाळीकडे सरकत जावं. तीव्र उतारावर आडवे पट्टे घ्यावेत, एक काढला की एक सोडायचा. एका दमात सगळं साफ केलं तर जाळीत घरटी करणाऱ्या बुलबुल-मुनियांना जागा राहत नाही, आणि माती उघडी पडते ती वेगळीच.

पहिल्या वर्षाच्या कामाचं कौतुक दुसऱ्या वर्षी कळतं. पाऊस पडून पंधरवडा झाला की त्या पट्ट्यात परत जायचं आणि दोन जागा बघायच्या: पाखरं बसतात त्या झाडांखालचं वर्तुळ, आणि ओघळीचे काठ. रोपटी तिथेच दाटीनं येतात. चार पानांची असताना दोन बोटांनी उपटून निघतात, पुढच्या वर्षी त्यांनाच टिकाव लागतो. हे निदान तीन पावसाळे. रिकाम्या जागी त्याच आठवड्यात पवना, मारवेल, डोंगरी अशा गवतांचं बी माती आणि शेणात कालवून विस्कटायचं आणि दोन वर्षं चराई बंद ठेवायची. गवत नाही आलं तर घाणेरी येईल. तीही नाही आली तर रानमारी किंवा गाजरगवत रांगेत उभं आहेच.

माणसानं तिच्यावर किडेही सोडून पाहिले. हवाईत १९०२ साली मेक्सिकोहून कीटक आणले गेले, तणावर मुद्दाम किडे सोडण्याच्या जगातल्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी तो एक. आपल्याकडे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाहून जाळीदार पंखांचा एक चिमुकला ढेकूण आला, टेलिओनेमिया. चाचणीत तो सागावरही तोंड मारतो असं दिसल्यावर ते किडे नष्ट करायचं ठरलं, पण तोवर काही निसटले होते. आज तो सगळीकडे आहे. उन्हाळ्यात घाणेरीचं पान वरून पांढरट, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं आणि खाली काळे डाग असतात, ती त्याचीच करणी. पाऊस पडला की झुडूप नवी पालवी काढून मोकळं. गॅलरीतल्या कुंडीवर हाच ढेकूण आला की आपण दुकानातून औषध आणून फवारतो. सरकारनं जो शत्रू म्हणून आणला, त्याला आपण कीड म्हणतो.

तिचा पुरता राग करता येत नाही, ही माझी अडचण. उन्हाळ्यात टेकडीवर बाकी सगळं करपलेलं असताना फुलपाखरं तिच्यावरच दिसतात. बटाट्याच्या ढिगावर तिच्या वाळलेल्या पाल्याचा थर दिला तर पाकोळीची अळी कमी लागते. कर्नाटकात मलै महादेश्वराच्या डोंगरातले सोलिगा आदिवासी तिच्या काठ्या तासन्‌तास उकळतात, साल सोलतात आणि गरम असतानाच वाकवून खुर्च्या-टोपल्या करतात, वेतासारख्या. वाळवी लागत नाही म्हणतात. निलगिरीत गुडलूरच्या आदिवासी कारागिरांनी तिच्यापासून पूर्ण आकाराचे हत्ती विणले आणि २०२१ साली त्यांचा कळप लंडनच्या बागांमध्ये उभा राहिला. ज्या युरोपातल्या बागांनी तिला नटवलं, तिथे ती हत्ती होऊन परतली. पण कितीही खुर्च्या विणल्या तरी दीड लाख चौरस किलोमीटर संपणार नाहीत, हेही उघड आहे. आणि माळरानावर जिथे ती दाटते तिथे गवत जातं, मग गवतावर जगणारं जनावर जातं.

पश्चिमेच्या उन्हाला टिकणारं दुसरं काही नव्हतं का? होतं. पिवळी कोरांटी आहे, काटेरी, पाणी जेमतेम मागणारी, फांदीनं लागणारी. जमिनीत जागा असेल तर धायटी आहे, माघ-फाल्गुनात अंगभर लाल होणारी, शिंजिर जिच्यावरून हलत नाहीत. नर्सरीत धायटी मागितली तर "ती रानात असते" असं उत्तर मिळतं. रानातली नर्सरीत नाही, आणि नर्सरीतली रानात.

त्या बाईंची कुंडी आषाढात गेली. पश्चिमेचं ऊन, सहा तास भरपूर. नवरात्राच्या आसपास तिच्या जुन्या गुच्छांत पहिले हिरवे मणी दिसायला हवेत, ते वाण तसलं नसेल तर. काळे व्हायला त्यांना आणखी काही आठवडे लागतील. तेवढ्या दिवसांत गॅलरीच्या कठड्यावर एखादा बुलबुल येऊन बसेल, मान तिरकी करून बघेल आणि फळ अजून कच्चं आहे म्हणून उडून जाईल. टेकडी तिथून दिसत असावी.